त्या साप्ताहिकातला खानसामा

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी बाबांना नागपूरहून कॅनडात, कनाट्याला घेऊन आले. नवरा त्या वर्षी दूर रेजिना शहरात होता, तिथल्या विद्यापीठात तात्पुरत्या नेमणुकीवर, आणि अधूनमधून यायचा. त्यामुळे सकाळी मी ऑफिसला निघाले की संध्याकाळपर्यंत बाबा घरात एकटे. ऐंशीच्या घरातला माणूस, नुकतीच बायको गेलेली, बाहेर नुसता बर्फ आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी मीटिंगमधून उठून फोन करायचे. ते म्हणायचे, "अगं, मी काय पळून जातोय? तू तुझं काम कर."

या काळजीतून मला सोडवलं आमच्या शेजाऱ्यांनी. ते मूळचे इंग्रज. तरुणपणी कॅनडात आले, हायस्कुलात भूगोल शिकवला, आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पत्नी वारलेली, मुलगा दूर पश्चिमेला. नवरा इथे नसला की ते न सांगता आमच्याही ड्राइव्हवेवरचा, घरापुढच्या गाडीवाटेवरचा, बर्फ शोव्हलने म्हणजे फावड्याने लोटून टाकायचे. बाबांना हे फार लागलं. "तुझं अंगण दुसरा म्हातारा झाडतो आणि मी आत बसून बघतो?" एका दुपारी ते चिवड्याचा डबा घेऊन आभार मानायला शेजारी गेले. मी संध्याकाळी आले तरी परतले नव्हते. आले तेव्हा कोट आणि कानटोपीसकट स्वयंपाकघरात उभे राहिले.

"त्यांच्या बेसमेंटमध्ये सगळे अंक आहेत," ते म्हणाले. "बांधून ठेवलेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

कसले अंक, हे मला विचारावं लागलं नाही. त्या इंग्रजी साप्ताहिकाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझे आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांचे गोरे साहेब स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं नागपुरात टिकून होते. साहेबांच्या मुलांसाठी विलायतेहून बोटीने चित्रकथांचं एक साप्ताहिक यायचं. मुलांचं वाचून झालं की गठ्ठा आमच्या घरी. बाबा इंग्रजी शिकले ते मिशनच्या शाळेत कमी आणि त्या गठ्ठ्यावर जास्त, असं ते स्वतःच सांगायचे. दर अंकात एखादं यंत्र मधोमध कापून आतलं सगळं दाखवलेलं असे: आगबोट, पाणबुडी, धरणाचा दरवाजा. ती चित्रं पाहून बाबा रेघा ओढायला लागले आणि पुढे आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डापाशी नोकरी केली.

त्यानंतर दर दुपारी बाबा शेजारी जाऊ लागले. शेजारी त्या साप्ताहिकाचा इतिहास लिहीत होते. फेब्रुवारीत आमच्या भागातल्या लायब्ररीत त्यांचं त्यावर भाषण होतं, चित्रांसकट. बाबा घरी येऊन मला रोज थोडं थोडं सांगायचे. युद्ध संपलं होतं पण कागद अजून मोजून मिळत होता, त्या दिवसांत साप्ताहिक सुरू झालं. अमेरिकेतून येणाऱ्या भुताखेतांच्या आणि खुनाच्या चित्रकथांना आईबाप वैतागले होते; त्यांच्या मुलांना काहीतरी नीटस, रंगीत, शूरवीरांचं द्यावं हा बेत. शेजारी म्हणायचे, सगळं लंडन तेव्हा राखाडी होतं, आणि दर आठवड्याला दाराच्या फटीतून तेवढा एक रंग घरात यायचा. मग पुढच्या दशकात कंपनी विकली गेली, पुन्हा विकली गेली, कागद हलका झाला, रंगीत पानं कमी झाली. शेवटी एका अंकावर ठळक अक्षरांत 'वाचकांसाठी आनंदाची बातमी' अशी ओळ आली. बातमी ही की पुढच्या आठवड्यापासून तुमचं साप्ताहिक दुसऱ्या एका साप्ताहिकात मिसळून जाईल. शेजारी तेव्हा कॉलेजात होते, वाचायचं कधीच सोडलं होतं, तरी तो अंक घेऊन ते रस्त्यावर उभे राहिले होते.

"आमच्या कंपनीत लेऑफच्या आधी अशीच मेल येते," मी म्हणाले. बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते.

जानेवारीत शेजाऱ्यांनी भाषणाचा मसुदा टाइप करून बाबांना वाचायला दिला. बाबा दोन दिवस तो स्वयंपाकघराच्या टेबलावर पेन्सिल घेऊन वाचत होते. शेवटचं पान झाल्यावर पुन्हा मागे गेले आणि काहीतरी शोधत राहिले. जेवून उठल्याउठल्या कोट चढवला. शनिवार होता, मला सुट्टी होती. म्हणाले, "चल माझ्याबरोबर. त्यांना परत द्यायचंय."

मी का हवी होते ते मला कळलं नाही. बेसमेंटमध्ये हीटर चालू होता, शेजाऱ्यांनी चहा केला होता. बाबा बसले नाहीत.

"छान लिहिलंय," ते इंग्रजीत म्हणाले. "पण यात खानसामा नाही."

"कोण?"

"बोटीवरच्या गोष्टीतला. कॅप्टनचा हिंदी खानसामा."

शेजाऱ्यांना खरंच आठवेना. मग आठवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे हो, तो! पुढचे दात पडलेला! आम्हाला फार आवडायचा तो. दर आठवड्याला काहीतरी सांडायचा, मोडकंतोडकं बोलायचा. आम्ही शाळेत त्याच्यासारखं बोलायचो."

"आमच्याही शाळेत बोलायचे," बाबा म्हणाले. "माझ्याशी. मी काळा होतो, हडकुळा होतो, आणि अंक माझ्याच घरून वर्गात जायचे. मला त्याच्या नावाने हाक मारायचे. मॅट्रिक होईपर्यंत. नंतर कॉलेजातही कोणीतरी ते नाव घेऊन आलं."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या आईने ऐकलं होतं की नाही, देव जाणे. ते नाव त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

शेजारी गोंधळले. कपबशी खाली ठेवत म्हणाले, "मुलं असतात तशी. आणि तो काळच तसा होता. त्यात वाईट हेतू नव्हता कुणाचा."

"हेतूचं मी म्हटलंच नाही. इतिहास म्हणताय, तर तो त्यात हवा."

"वीस मिनिटांचं भाषण आहे. म्हातारी माणसं येणार, बालपण आठवायला. त्यांना मी काय सांगू?"

बाबांनी कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले, थँक यू म्हणाले आणि जिन्याकडे वळले. वर दारात बूट घालताना त्यांना लेस बांधता येईना. मी वाकून लेस बांधायला गेले तर पाय मागे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेजारी जाणं बंद केलं. बर्फ पडला की ते पहाटे उठून, शेजाऱ्यांच्या आधी, आमचा ड्राइव्हवे स्वतः साफ करायला लागले. मी ओरडले तर म्हणाले, "मला कुणाचे उपकार नकोत." शोव्हल रेटताना ते मध्येच छातीवर हात ठेवून थांबायचे आणि मी खिडकीतून बघत राहायचे. त्या वयाची माणसं बर्फ काढता काढता कोसळतात, हे इथे दर हिवाळ्यात ऐकू येतं. शेजारी त्यांच्या खिडकीतून बघत असायचे, तेही मला दिसायचं. पण ते बाहेर यायचे नाहीत. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांपैकी कुणालाही काही बोलायची सोय नव्हती.

मग तो बुधवार आला. रात्रीपासून पारा उणे पंचविसाच्या खाली होता. शाळेच्या बसगाड्या रद्द झाल्या होत्या. मी बाबांना बजावलं होतं की आज दार उघडायचं नाही. दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला, शेजाऱ्यांचा नंबर.

"तुमचे वडील बाहेर उभे आहेत," ते म्हणाले. "दाराचं कुलूप उघडत नाहीये. मी माझ्या घरात चला म्हणतोय, ते येत नाहीयेत."

"त्यांना फोन द्या."

थोडी खुडबुड झाली. मग पुन्हा शेजाऱ्यांचाच आवाज. "ते फोन घेत नाहीयेत. तुम्ही या."

झालं होतं असं: बाबा कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेले, दार मागे ओढलं गेलं, आणि आमचं आकड्यांचं कुलूप थंडीत बंद पडलं. बॅटरी कधीची मरायला टेकली होती, मी बदलीन बदलीन म्हणत होते. बाबांचा फोन आत. अंगात स्वेटर, डोक्याला काही नाही, पायात नुसत्या मोज्यांवर घातलेले माझ्या नवऱ्याचे बूट.

ऑफिस घरापासून लांब नाही. पण त्या दिवशी मुख्य रस्त्यावर माझ्यापुढे बर्फ लोटणारा ट्रक होता, दोन्ही लेन अडवून रांगत चाललेला. ओलांडणं शक्य नव्हतं. मी स्टिअरिंगवर मुठी आवळून बसले होते. अशा थंडीत कान आणि बोटं किती लवकर जातात ते इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मी शेजाऱ्यांना परत फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. तेव्हा मला वाटलं की संपलं. मी रडत नव्हते. मी मोठ्याने बाबांना रागावत होते, गाडीत एकटी: "जा ना त्यांच्या घरात! जाऊन बसा ना! काय होतंय तुम्हाला?"

आमच्या गल्लीत वळले तर दारात कुणीच नव्हतं. पायऱ्यांवर कचऱ्याची पिशवी पडलेली. मी गाडी तशीच सोडून धावले. मग शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवर त्यांची गाडी दिसली, चालू, मागून वाफ निघत असलेली. आत पुढच्या सीटवर बाबा, अंगावर शेजाऱ्यांचा पार्का, तो टोपीवाला जाड कोट, आणि गुडघ्यांवर एक जाडजूड रग. शेजारी स्टिअरिंगवर, नुसत्या लोकरी जॅकेटमध्ये. दोघेही समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत होते.

मी दार उघडलं. आत भट्टीसारखी ऊब होती.

"घरात येत नव्हते," शेजारी म्हणाले. "गाडीला हो म्हणाले."

"गाडी म्हणजे काही घर नव्हे," बाबा मराठीत म्हणाले, मला.

मी त्यांचे कान बघितले, बोटं बघितली. डाव्या कानाची पाळी पांढरी पडली होती, पुढे ती सुजली आणि आठवडाभर ठणकली, पण तेवढ्यावर निभावलं. आमच्या गॅरेजचं मागचं दार माझ्याजवळच्या किल्लीने उघडून मी त्यांना आत नेलं, कोमट पाण्यात हात बुडवायला लावले. नंतर पार्का परत द्यायला गेले तेव्हा शेजारी म्हणाले, "आम्ही एक अक्षर बोललो नाही गाडीत." मग पार्का खुंटीला टांगत म्हणाले, "मी विचारणार होतो, शाळेत अजून कोण कोण असं म्हणायचं. पण मग वाटलं, ही ती वेळ नव्हे."

मला वाटलं, आता मिटेल. नाही मिटलं. बाबांनी माझ्या हाती थँक यू म्हणून डिंकाचे लाडू पाठवले आणि स्वतः गेले नाहीत.

भाषणाच्या दिवशी सकाळी पाहते तर बाबा सूट घालून तयार. नागपूरहून आणल्यापासून बॅगेच्या तळाशी पडलेला सूट त्यांनी स्वतः इस्त्री केला होता.

"कुठे निघालात?"

"लायब्ररीत. जाहीर भाषण आहे ना? मग जाहीर म्हणजे मी पण."

"बाबा, तुम्ही तिथे काही बोलणार आहात का?"

"ठरवलं नाही."

लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील, बहुतेक पांढऱ्या केसांची, बरीचशी मूळची ब्रिटनची. उच्चारांवरून कळत होतं. कॉफी होती, बिस्किटं होती. आम्ही दोघे सोडलो तर दुसरं कुणी भारतीय नव्हतं. बाबा दुसऱ्या रांगेत कडेला बसले. शेजाऱ्यांनी आम्हाला पाहिलं आणि कागद उगाच खालीवर केले.

भाषण सुरू झालं. पडद्यावर पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आलं तेव्हा हॉलमध्ये एक उसासा फिरला. एका बाईंनी डोळे टिपले. मोजून मिळणारा कागद, दाराची फट, राखाडी लंडन, हे सगळं मी ऐकलेलंच होतं, पण आता मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी बाबांच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर शांत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

मग शेजाऱ्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर तो आला. बोटीचं स्वयंपाकघर, ओघळणारी डाळ, पांढरा फेटा वाकडा, तोंडात पुढचे दात नाहीत, हात जोडलेले. वरच्या फुग्यात त्याचं ते मोडकं इंग्रजी.

हॉल हसला. दुष्टपणाने नाही. जुना मित्र अचानक भेटावा तसं हसले सगळे. मागून एका म्हाताऱ्याने त्याचं नाव घेतलं, त्याच्याच ढंगात, आणि हसू पुन्हा उसळलं.

शेजारी काही बोलणार होते. तोंड उघडलं होतं त्यांनी. पण त्या हसण्याने ते गडबडले, हातातल्या कागदावरची जागा सापडेना. मान वर करून त्यांनी बाबांकडे बघितलं, आणि बाबा उभे राहिले.

मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"ते चित्र काढू नका," बाबा शेजाऱ्यांना म्हणाले. "राहू द्या." मग लोकांकडे वळले. आवाज मोठा नव्हता. "आता मागून जे नाव घेतलं ना, त्या नावाने मला लहानपणी हाक मारायचे. नागपुरात. हे साप्ताहिक तिथेही यायचं."

हसू थांबलं. कुणीतरी कप खाली ठेवला.

"मला हे पान फाडून टाकायचं होतं," बाबा म्हणाले. "अकरा-बारा वर्षांचा असेन. ब्लेड घेऊन बसलो होतो. पान उलटलं, तर पाठीमागे आगबोटीचं इंजिन होतं. मधोमध कापून दाखवलेलं, रंगीत. तसं इंजिन मी कधी पाहिलं नव्हतं. याला कापलं तर ते जाणार. मी ब्लेड ठेवून दिलं. मग अंक तसाच ठेवला आणि रोज ते इंजिन काढत राहिलो. त्यावरच पुढे मला नोकरी लागली. मला तक्रार करायची नाही. मला फक्त एवढंच सांगायचंय की पानाला दोन बाजू होत्या, आणि तुमच्यापैकी कुणाला त्यातली एक निवडायची वेळ आली नाही."

ते खाली बसले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एक जण उठून निघून गेला. नाव घेणारा तोच होता की दुसरा कोणी, मी वळून पाहिलं नाही.

शेजाऱ्यांना अखेर त्यांची जागा सापडली. त्यांनी चष्मा पुसला आणि कागदावरचं वाचलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की हा माणूस आमच्या आवडत्या साप्ताहिकात वर्षानुवर्षं होता, आम्ही त्याला हसलो, आणि मी हा इतिहास पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्याला विसरलो होतो. विसरता येणं ही माझी चैन होती. म्हणजे ते आधीच लिहून आणलेलं होतं. बाबा उठले नसते तर त्यांनी ते वाचलं असतं का? मला आजही सांगता येत नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "वाचलं असतं." शेजाऱ्यांना विचारलं तर म्हणतात, "माहीत नाही. लोक हसले तेव्हा बटण दाबून पुढे जावंसं वाटलं होतं."

नंतर कॉफीच्या टेबलापाशी एक वयस्कर बाई बाबांपाशी आल्या. त्यांना माफी मागायची होती, पण कशाची ते त्यांना धड सांगता येईना. बाबांनीच त्यांना बिस्किटांची बशी पुढे केली. एका गृहस्थांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं की म्हाताऱ्यांची एक छान दुपार उगाच खराब झाली. तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "चल, रस्ते निसरडे होतील."

परतताना शेजाऱ्यांनी विचारलं, माझ्या गाडीतून येता का. बाबा माझ्याच गाडीत बसले. पण सोमवारी दुपारी मी घरी फोन केला तर उचलला नाही. जीव घाबरा झाला. शेजाऱ्यांना लावला, तर बेसमेंटमधून बाबांचाच आवाज आला: "अगं, आम्ही वाद घालतोय. नंतर कर."

वाद मार्चभर चालला. शेजारी भाषणाची पुस्तिका करत होते आणि खानसाम्याच्या परिच्छेदावर दोघांचं एकमत होईना. बाबांना 'विनोदी पात्र' हा शब्द नको होता. शेजाऱ्यांचं म्हणणं, विनोदी होतंच, तोच तर मुद्दा आहे. कधी बाबा तावातावाने घरी यायचे आणि दोन दिवस जायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी जायचे.

मेमध्ये ते नागपूरला परतले, उन्हाळा ऐन भरात असताना; कोणी काही सांगितलं तरी ऐकलं नाही. पुस्तिका जूनमध्ये छापून आली. मी त्यांना पोस्टाने पाठवली आणि रविवारी व्हिडिओ कॉल केला. शेजारी माझ्याशेजारी सोफ्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे.

"वाचलं का?" मी विचारलं.

"वाचलं," बाबा म्हणाले, मग इंग्रजीत, शेजाऱ्यांना: "तो परिच्छेद अजूनही फार सभ्य झालाय."

"पण बरोबर आहे का?" शेजाऱ्यांनी विचारलं.

बाबांनी पुस्तिका उघडून चष्मा वर केला आणि पुन्हा वाचायला लागले. आम्ही दोघे इकडे त्यांचं वाचून व्हायची वाट बघत राहिलो.